ब्रेक पाइप, नमुना क्रमांक ४१७

आमच्या संस्थेच्या मोटारीचा ब्रेक पाइप गंजला होता. घटना तशी साधी आहे. मोटार पंधराव्या वर्षात होती, पाइप लोखंडी होता आणि लोखंड गंजते. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या कोणत्याही मेकॅनिककडे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. जुना पाइप काढायचा, नवा बसवायचा, आत शिरलेली हवा काढायची आणि ब्रेक ऑइल भरायचे. आमच्याकडे मात्र ते काम कागदोपत्री आजही झालेले नाही. याचे कारण असे की आमची संस्था गंजाचाच अभ्यास करते.

संस्था तारनाक्याला आहे. तिचे नाव लिहिण्याची परवानगी मागितली आहे, ती आल्यावर लिहीन. मी तिथे मिठाच्या फवाऱ्याची खोली सांभाळते. या खोलीत मिठाचे पाणी पस्तीस अंश तापमानाला धुक्यासारखे उडवतात आणि त्यात धातूच्या पट्ट्या टांगतात. समुद्रकाठी जे काही वर्षांत व्हायचे ते इथे काही आठवड्यांत होते, असे आम्ही मानतो. खोलीतले धुके बाहेर टाकणारी नळी मागच्या भिंतीतून निघते. नळीखाली कडुलिंब आहे, कडुलिंबाखाली सावली आहे, आणि सावली आहे म्हणून गाडी तिथे उभी करावी असा निर्णय पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी घेतला होता. त्यामुळे समुद्रापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादेत आमच्या गाडीला रोज समुद्राची हवा मिळत होती. मी इथे आल्यापासूनची बाराही वर्षे हे माझ्या खिडकीतून दिसत होते. मी खोलीतल्या पट्ट्यांकडे पाहत होते.

गाडी सूर्यभान हिवराळे चालवत. ते मूळचे नांदेडकडचे. एकोणिसाव्या वर्षी कामासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्तीला त्यांचे एक वर्ष राहिले होते आणि त्या वर्षाकडून त्यांची एकच अपेक्षा होती: हातीपायी धड घरी जावे.

एके सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही गंजाच्या मॅडम ना? जरा गाडीखाली बघता का?"

काय झाले ते मी विचारले.

"पहिल्या दाबाला ब्रेक लागंना झालाय. दुसऱ्या बारीला लागतो. पण पुलावरून उतरताना समोरचा ऑटो दुसऱ्या बारीपर्यंत वाट बघत नाही."

मी जुने वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली गेले आणि बॅटरीचा उजेड टाकला. पाइप जिथे क्लिपने चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरला होता तिथे ओला चिखल साचला होता. चिखलाखाली लोखंड फुगून पापुद्रे सुटले होते आणि एका पापुद्र्याच्या टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लोंबत होता. पाइप ताबडतोब बदलायला हवा, हे मला तिथेच कळले. त्यानंतर मी जे केले ते सवयीने केले. खिशातल्या चिमट्याने एक पापुद्रा काढला, पिशवीत टाकला, पिशवीवर चिठ्ठी लावली आणि वर जाऊन नोंदवहीत लिहिले: नमुना क्रमांक ४१७. वस्तू: ब्रेक पाइप. स्थिती: गाडीस जोडलेला.

दुपारी पाइप बदलण्याचा अर्ज घेऊन मी भांडारात गेले. भांडार अप्पाराव सांभाळतात. ते घरी तेलुगू बोलतात आणि भांडारात सगळ्यांशी दखनी. त्यांनी अर्ज वाचला, माझी नोंदवही मागवली, तीही वाचली आणि नियम अकरा काढून माझ्यासमोर ठेवला. क्रमांक पडलेल्या नमुन्याच्या आकारात, जागेत वा वापरात त्याचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत बदल करू नये, असा तो नियम आहे. अभ्यास पूर्ण कधी झाला असे समजतात, हे त्यांना विचारण्याची गरज नव्हती. आमच्याकडे पट्टी भोक पडेपर्यंत टांगलेली असते. पण मी विचारले.

"जब नमुना टूट जाता, तब," अप्पाराव म्हणाले.

म्हणजे पाइप फुटल्यावर तो बदलता येईल, पण फुटू नये म्हणून बदलता येणार नाही. मग क्रमांक रद्द करा, असे मी सुचवले.

"नंबर डाल सकते मॅडम, निकाल नहीं सकते. निकालने का फारम ही नहीं है."

असा फॉर्म खरोखरच नव्हता. मी दोन दिवस शोधला.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुख डॉ. एकनाथराव स्वतः गाडीखाली गेले. त्यांचे घराणे परभणीकडचे शेतकरी. उभ्या पिकाकडे पाहून उतारा सांगावा तसे ते पट्टीकडे पाहून गंजाची खोली सांगत. ते बराच वेळ खाली होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर ब्रेक ऑइलचा थेंब होता आणि चेहऱ्यावर समाधान.

"मेधाबाई, बावीस वर्षं आपण खोलीत खोटा समुद्र करतोय," ते म्हणाले, "आणि खरा नमुना बाहेर झाडाखाली उभा होता. रोज वापरातला! असा नमुना कुठल्याच प्रयोगशाळेला मिळालेला नाही."

इतर प्रयोगशाळा त्यांच्या गाडीचे पाइप बदलतात, असे मी म्हणाले. तीच तर त्यांची चूक आहे, असे ते म्हणाले.

आठवड्याभरात प्रकल्प मंजूर झाला. आमच्याकडे कोणतीच गोष्ट आठवड्यात मंजूर होत नाही, पण काहीही न बदलण्याचा प्रस्ताव कोणाला अडवता येत नाही. शीर्षक होते, 'दैनंदिन वापरातील वाहनाच्या ब्रेक पाइपचा नैसर्गिक क्षय: एक दीर्घकालीन निरीक्षण'. प्रमुख एकनाथराव, सहायक मी, आणि पीएचडीसाठी विषय शोधत असलेली तन्वी संशोधक म्हणून.

पाइपला हात लावायचा नव्हता. गाडीखाली जाण्यालाही आता बंदी होती, कारण चिखलाचा थर हलला असता. तेव्हा मोजायचे काय, हा प्रश्न आला. एकनाथरावांनी दाबांक ही संकल्पना मांडली. गाडी थांबेपर्यंत ब्रेक जितक्या वेळा दाबावा लागतो तो दाबांक. निरोगी गाडीचा दाबांक एक. आमच्या गाडीचा प्रारंभी दोन. सूर्यभाननी रोज तारनाका ते कोठी, कोठी ते अंबरपेठ आणि अंबरपेठ ते तारनाका अशी फेरी मारावी, काम असो वा नसो, आणि दाबांक लॉगबुकात लिहावा, असे ठरले. दर सोमवारी तन्वी तो आकडा संगणकात भरून आलेख पुढे काढी आणि तो आमच्या भिंतीवर लावी. लॉगबुकाच्या प्रत्येक पानाखाली एकनाथराव सही करत आणि त्याखाली मी.

यात एक छोटी अडचण होती. सूर्यभान लॉगबुक मराठीत लिहीत. तन्वीच्या घरी मराठी बोलतात, पण ती शिकली सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत. मोठ्या अक्षरातल्या पाट्या ती वाचते, हाताने लिहिलेले तिला लागत नाही. त्यामुळे सोमवारी सूर्यभान लॉगबुक उघडून तिच्यासमोर बसत आणि आकडे वाचून दाखवत. एकनाथरावांना आणि मला मराठी उत्तम वाचता येते. पण आकडे टाइप होऊनच येत असल्यामुळे आम्ही फक्त सही करत होतो.

दुसऱ्या महिन्यात दाबांक तीन झाला आणि सूर्यभाननी चार दिवसांची रजा मागितली. रजा मंजूर होऊ शकली नाही. दुसऱ्या चालकाचा पाय वेगळा, त्याचा जोर वेगळा. पाय बदलला तर आकडा पाइपाचा की पायाचा, हे सांगता आले नसते. तन्वीने पायाला स्थिरांक म्हटले. मग स्थिरांकाने घातलेल्या चपलेचा विचार झाला. तिचा तळ झिजलेला होता, आणि नवी चप्पल घेतली असती तर तो बदलला असता. म्हणून त्या चपलेला ४१८ क्रमांक देण्यात आला. ब्रेक उजव्या पायाने दाबतात, त्यामुळे क्रमांक उजव्या चपलेलाच पडला. डावी चप्पल सूर्यभान यांच्या खाजगी मालकीची राहिली.

तिसऱ्या महिन्यापासून गाडीत कोणी बसेना. ज्यांनी पूर्वी गाडीसाठी एकमेकांशी अबोला धरला होता ते आता कोठीला डॉक्टरकडेसुद्धा बसने जाऊ लागले. गाडी रिकामी धावली तर वापर दैनंदिन राहत नाही, अशी हरकत एकनाथरावांनी घेतली आणि सत्तर किलोची चार वाळूची पोती आणवली. पहिल्याच दिवशी फाटकावरच्या रखवालदाराने गाडी अडवली. ओळखपत्राशिवाय संस्थेच्या गाडीतून कोणी बाहेर जाऊ शकत नाही. फेरी चुकली तर त्या दिवसाचा आकडा जातो, म्हणून चारही पोत्यांची ओळखपत्रे काढण्यात आली. पुढच्या सीटवरच्या पोत्याच्या पत्रावर 'विभागप्रमुख (प्रतिरूप)' असे होते. मागच्या तिघांपैकी एक मी होते. उन्हाळ्यात हजेरीचा तक्ता निघाला तेव्हा माझ्या प्रतिरूपाची हजेरी माझ्यापेक्षा चांगली होती.

चौथ्या महिन्यात गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. आमच्याकडे पंधरा वर्षांची गाडी मोडीत जाते. सूर्यभाननी त्या दिवशी मला चहा पाजला. सुटलो, असे ते म्हणाले नाहीत, पण साखर जास्त होती. संध्याकाळी बैठक झाली. मोडीत गाडी जाते, नमुना जात नाही, असे एकनाथरावांनी दाखवून दिले. गाडीची गाडी म्हणून नोंद रद्द झाली आणि 'नमुन्याचा आधार' म्हणून नवी नोंद झाली. कागदोपत्री आता गाडीला ब्रेक पाइप नव्हता, ब्रेक पाइपला गाडी होती.

आधाराला चालक लागत नाही, म्हणून सूर्यभान यांचे पद 'आधारवाहक' झाले. या पदाला निवृत्तीचे वय ठरलेले नव्हते, कारण हे पद त्याच दिवशी निर्माण झाले होते. तेव्हा असा ठराव झाला की आधारवाहक हे नमुना निकामी होईपर्यंत सेवेत राहतील. सूर्यभान दाराजवळ उभे होते. त्यांनी हात वर केला.

"आन् नमुन्याच्या आधी मी निकामी झालो तर?"

इतिवृत्तात नोंद आहे: प्रश्न बैठकीच्या कार्यकक्षेबाहेरचा.

तीन दिवसांनी त्यांच्या पत्नी चतुराबाई संस्थेत आल्या. नवऱ्याचा विसरलेला डबा द्यायला आले, असे त्यांनी फाटकावर सांगितले. डबा रिकामा होता. त्या माझ्या टेबलासमोर बसल्या आणि भिंतीवरचा तन्वीचा आलेख खालून वरपर्यंत पाहिला.

"ही रेघ माझ्या मालकाची हाय का?"

पाइपाची आहे, असे मी सांगितले.

"वर वर चाललीय. वर गेल्यावर काय होतं?"

मला वाटते त्यांना उत्तर माहीत होते.

"नंबर तुम्ही टाकला म्हणं."

"हो."

"मंग काढा."

काढता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. नियम अकरा, नसलेला फॉर्म, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले.

"त्या पाइपाला तुम्ही लई सांभाळायलाव, बाई," त्या म्हणाल्या. "हात लावू देईनात, बदलू देईनात. माझ्या माणसालाबी एक नंबर टाका. मंग त्यालाबी सांभाळाल."

त्या गेल्यावर मी नियमावली काढून पाहिली. ती फक्त वस्तूंना लागू होती.

त्यानंतर चतुराबाई आल्या नाहीत. सूर्यभान यांनीही रजेचा अर्ज केला नाही. दाबांक मात्र अपेक्षेप्रमाणे वाढत गेला. साडेतीन (दोन दिवसांची सरासरी), चार, सव्वाचार. ब्रेक ऑइलची पातळी दर आठवड्याला झाकणभर उतरत होती. तन्वीचा आलेख इतका सुबक निघाला की एकनाथरावांनी तो मोठा करून दालनात लावला. प्रत्यक्ष मोजमापात एवढी सुबक रेघ मी पूर्वी पाहिली नव्हती. तेव्हा मला याचा आनंद झाला होता, हे इथे नोंदवते.

अकराव्या महिन्यात बाहेरून तीन सदस्यांची समिती आली. त्यांना आकडे नको होते, प्रात्यक्षिक हवे होते. चार पोती उतरवली. समिती मागे बसली, पुढे मी. एकनाथराव दाबांक पाचच्या गाडीत बसू शकले नाहीत, कारण त्यांना दालनात समितीच्या स्वागताची तयारी करायची होती. बसण्यापूर्वी मी घरी फोन करून दुधाचे भांडे फ्रिजमध्ये ठेवायला सांगितले. दुसरे काय सांगावे ते सुचले नाही.

पुलावरून उतरताना गाडीने वेग घेतला. खाली एका ऑटोला डाव्या बाजूला एक बाई हात करताना दिसली आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मी अंतर मोजले. ती माझी सवय आहे. पाच दाब बसतील एवढे अंतर नव्हते. दोनही बसले नसते.

सूर्यभाननी ब्रेक एकदा दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. ऑटो आणि आम्ही यांच्यात वीतभर जागा होती. समितीच्या अध्यक्षांचे कपाळ माझ्या सीटला लागले. त्यांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर लावला आणि वही उघडली.

"दाबांक किती?"

सूर्यभाननी उभ्या गाडीत सावकाश पाच वेळा ब्रेक दाबला. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक दाब मोजून.

"पाच, साहेब."

अध्यक्षांनी लिहून घेतले. गाडी थांबली होती आणि ब्रेक पाच वेळा दाबला गेला होता. दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. आधी कुठली झाली, हा रकाना तक्त्यात नव्हता.

समिती दालनात चहा घेत असताना मी झाडाखाली गेले आणि सूर्यभानना विचारले. त्यांनी लॉगबुक माझ्या हातात दिले आणि एक पान उघडून दाखवले. चतुराबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाचे ते पान होते. स्वच्छ, गोल अक्षरात लिहिले होते:

'आज अंबरपेठेत खाजा मियाँकडून नवा पाइप टाकला. हवा काढली. घरची बाई गाडीसमोर उभी होती, टाकल्याशिवाय हलेना. ब्रेक पहिल्या दाबात. बरं वाटलं.'

खाली एकनाथरावांची सही होती. त्याखाली माझी.

"लपवलं कुठं, मॅडम?" सूर्यभान म्हणाले. "लिहून ठेवलंय. तुमी सही केलीत, मला वाटलं तुमाला चालतंय."

मी गाडीखाली वाकून पाहिले. जुना पाइप त्याच क्लिपमध्ये, त्याच चिखलाखाली होता. त्याच्या वरच्या अंगाने, चासीच्या खाचेतून, नवा पाइप गेला होता.

"जुना?"

"जागेवर हाय की. त्याला हात लावला नाही, दोन टोकं सोडली फक्त. आता त्याला काम नाही एवढंच."

संस्थेत अशी व्यवस्था नवी नव्हती. मी पुढचा प्रश्न विचारला. लॉगबुकात खरे लिहिले, मग तन्वीला चार आणि पाच का सांगितले?

"पहिल्या सोमवारी खरं सांगितलं. एक म्हणलं. पोरगी म्हणली, 'काका, वन येऊच शकत नाही, कर्व्ह वर चाललाय ना, नीट आठवा.' मी आठवलं. तरी एकच आठवला. तिचा चेहरा एवढा झाला." त्यांनी बोटांनी सुपारीएवढे माप दाखवले. "मंग भिंतीवरच्या रेघेत बघितलं, पुढच्या आठवड्याला किती पाहिजे ते. तेव्हापासून तेच सांगायलोय. तेलाचं म्हणाल तर दर सोमवारी झाकणभर मीच काढून ठेवतो."

पंधरवड्यात समितीचा अहवाल आला. ब्रेक पाइप गंजलेला असताना वाहन दाबांक पाचपर्यंत व्यवस्थित थांबते, किंबहुना दाबांक पाचला वाहन अपेक्षेपेक्षा कमी अंतरात थांबते, असे प्रात्यक्षिकात आढळले होते. तेव्हा प्रवासी वाहनांचे ब्रेक पाइप केवळ गंजले या कारणाने बदलण्याची आवश्यकता नाही, असे मानक वरच्या कार्यालयाने तयार केले. शहर बस, शाळेची बस आणि रुग्णवाहिका अशी यादी सोबत होती. मानक लागू होण्यासाठी अभ्यास पूर्ण झाल्याचा दाखला हवा होता आणि त्या दाखल्यावर माझी सही हवी होती.

मी लॉगबुक घेऊन एकनाथरावांकडे गेले. त्यांनी ते पान वाचले. मग पुन्हा वाचले, या वेळी स्वतःच्या सहीवर बोट ठेवून.

"जुना पाइप जागेवर आहे?"

"आहे."

"गंजतोय?"

"गंजतोय."

"मग अहवालातला शब्द न् शब्द खरा आहे, मेधाबाई. पाइप गंजलेला होता. गाडी थांबली. एकामुळे दुसरं झालं, असं आपण कुठेच लिहिलेलं नाही."

हे मी तपासले. खरोखरच कुठे लिहिलेले नव्हते.

मग त्यांनी माझ्यासमोर दोन शक्यता मांडल्या. मी सही केली नाही तर अभ्यास अपूर्ण. तसे झाले तर ठरावाप्रमाणे सूर्यभान नमुना निकामी होईपर्यंत सेवेत राहणार, आणि ज्या पाइपात तेलच नाही तो कधी फुटणार नाही. शिवाय नमुन्यात ढवळाढवळ केल्याची चौकशी लागून त्यांची पेन्शन अडकणार. मी सही केली तर अभ्यास पूर्ण, म्हणजे नमुना निकामी, आणि सूर्यभान महिनाअखेर घरी. तन्वी डॉक्टर. मी विचार करायला एक दिवस मागितला. एकनाथराव हो म्हणाले. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"हा खाजा मियाँ अंबरपेठेत नेमका कुठे बसतो?"

मी सही केली. चतुराबाईंच्या माणसाला नंबर टाकता आला नव्हता, निदान सही टाकता आली, असे मी स्वतःला सांगितले. मानकाच्या यादीत किती माणसे बसतात याचा हिशोबही मी केला होता. तो वहीत आहे.

सूर्यभान महिनाअखेर हातीपायी धड निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली. उजवी चप्पल मात्र नमुना कक्षात राहिली, कारण ४१८चा अभ्यास अपूर्ण आहे. डावी हातात घेऊन ते अनवाणी फाटकापर्यंत गेले. तिथे चतुराबाई नवा जोड घेऊन उभ्या होत्या. हल्ली ते बसमध्ये बसत नाहीत. अंबरपेठेहून कोठीला जायचे तरी चालत जातात.

अभ्यास पूर्ण झाल्यामुळे नियम अकराची अडचण उरली नव्हती. मी पुन्हा पाइप बदलण्याचा अर्ज केला, निदान भांडाराची नोंद आणि गाडी यांचा मेळ बसावा म्हणून. अप्पारावांनी त्यावर शेरा मारला: नव्या मानकानुसार आवश्यकता नाही.

गेल्या रविवारी मी माझी स्वतःची गाडी घेऊन खाजा मियाँकडे गेले. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला काही झालेले नाही. दुकानासमोर गल्लीच्या तोंडापर्यंत रांग होती. पहिली गाडी एकनाथरावांची. तिच्या मागे समितीच्या अध्यक्षांची, त्यामागे वरच्या कार्यालयातल्या, मानकावर शेवटची सही करणाऱ्या साहेबांची. सगळ्यांना ब्रेक पाइप बदलून हवे होते आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हते. दाराशी स्टुलावर अप्पाराव रांगेचे नंबर लिहायला वही घेऊन बसले होते. त्यांची स्वतःची गाडी आधीच वर उचललेली होती.

"आपका बारह नंबर पड गया मॅडम," ते म्हणाले. "अब नंबर है, तो काम हो जाता."

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी सतरा जणांना वाचायला दिला. वाचून झाल्यावर ते एक प्रश्न विचारतील असा माझा अंदाज होता: मानक मागे कधी घेणार? त्याचे उत्तर मी तयार ठेवले होते. सतरापैकी सतरा जणांनी दुसराच प्रश्न विचारला, आणि तुम्हीही तोच विचाराल असे धरून उत्तर इथे देते. अंबरपेठेत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, निळ्या शटरचे दुकान. येण्यापूर्वी नंबर लावून ठेवा. सकाळी साडेआठनंतर, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून आलात, तर गर्दी कमी असते.